सरत्या सालाचा झाडा

पिरोत,
२ जानेवारी १९५७

लेपा,

गेल्या साली याच सुमाराला आपण दोघी डोंगरावरच्या क्षयाच्या रुग्णालयात, व्हरांड्यात, कानापर्यंत घोंगड्या ओढून पडलो होतो. खाली दरीत लोक बंदुकीचे बार काढत नव्या वर्षाचं स्वागत करत होते. तू पडली मास्तरीण. म्हणालीस, नुसतं कण्हत पडण्यापेक्षा इथून सुटलो तर वर्षभरात काय करायचं ते एकमेकींना सांगू, आणि साल सरलं की त्याचा झाडा देऊ. मी तेव्हा हसले होते. आता लिहायला बसलेय तर हसू येत नाही.

मी तीन गोष्टी बोलले होते. घरी जायचं, ते झालं. परत मागावर बसायचं, तेही झालं म्हणायचं. गालिच्यांच्या सहकारी कारखान्यात मला परत घेतलं. लोकरीच्या धुळीमुळं डॉक्टरांनी अर्धाच दिवस कामाची परवानगी दिलीय. खिडकीजवळचा माग दिला तेव्हा वाटलं, हवा लागावी म्हणून दिला असेल. मग ध्यानात आलं की माझ्या शेजारचा माग रिकामाच राहतो. नव्या आलेल्या मुलीला तिथं बसवलं, तर दुसऱ्या दिवशी तिची आई येऊन मुकादमाशी कुजबुजून गेली.

तिसरी गोष्ट म्हणजे नेवेनानं मला आई म्हणायचं. ती काही जमली नाही.

मी रुग्णालयात आले तेव्हा ती दीड वर्षाची होती. माझी नणंद झागोर्का विधवा, मूलबाळ नाही, नदीपलीकडं एकटी राहते. तिनं पोरीला नेलं. मी परतले त्या दिवशी नेवेनाला नवा फ्रॉक घालून दारात उभं केलं होतं. माझा नवरा मिलुटिन तिला म्हणाला, बघ कोण आलंय. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मागं वळून झागोर्काला विचारलं, "आई, या मावशी जेवायला थांबणार का?"

सगळे हसले. मीही हसले.

पोर अजून तिच्याकडंच आहे. दर रविवारी मला भेटायला आणतात, पाहुणीसारखी. मिलुटिन म्हणतो, हळूहळू होईल. म्हणून यंदा बाकी काही ठरवलं नाही, तेवढी एकच गोष्ट ठरवलीय.

तुझं सांग. वर्ग मिळाला का? आणि तो तुझा रादिवोये, अजून वाट बघतोय की कंटाळला?

तुझी देसा

*

गोर्न्या रेका,
२१ जानेवारी १९५७

प्रिय देसा,

बर्फानं घाट बंद होता, त्यामुळं तुझं पत्र उशिरा हाती आलं.

माझं ठीक चाललं आहे. शाळेत रुजू झाले. इमारत जुनी, शेगडी धूर करते, पण जागा उंचावर असल्यामुळं हवा चांगली. मुलांचा आवाज दिवसभर कानावर असतो. पाढे म्हणताना ती सातापाशी हटकून अडखळतात. रादिवोयेबद्दल पुढं सवडीनं लिहीन.

नेवेनाबद्दल एक सांगते. मुलांच्या मागं लागलं की ती आणखी दूर पळतात. तू तिला काही मागू नकोस, नुसती तिच्या आसपास राहा. आणि नणंदेशी भांडू नकोस. दोन वर्षं तिनं पोरीला न्हाऊमाखू घातलं, जेवू घातलं. तिनं तुझी जागा बळकावली असं तुला वाटत असेल, पण ती जागा कुणीतरी राखली म्हणून पोर जगली.

प्रकृतीला जप. तपासणी चुकवू नकोस.

तुझी लेपोसावा

*

पिरोत,
२९ डिसेंबर १९५७

लेपा,

साल सरायला दोन दिवस आहेत, पण आता त्यात काही घडायचं राहिलेलं नाही. ठरवलेलं जमलं नाही, उलट होतं तेही गेलं.

भांडू नकोस म्हणालीस, तर उन्हाळ्यापर्यंत नाही भांडले. रविवारी पोर यायची. मी आलुबुखाराचा मुरंबा घालून धिरडी करायची. ती पाय हलवत खायची आणि विचारायची, "मावशी, आता जाऊ?" पापा घ्यायला मी वाकले की फ्रॉकचा काठ नाकाशी धरायची. मला वाटायचं, लाजते. ऑगस्टात एकदा विचारलं, असं का गं करतेस? म्हणाली, "आईनं सांगितलंय. तुमच्या श्वासात किडे आहेत."

मी होते तशी उठले आणि तिला घेऊन पुलाकडं निघाले, झागोर्काला जाब विचारायला. ती भट्टीवाल्याच्या दारात रांगेत उभी होती, हातात भट्टीत भाजायला आणलेल्या रविवारच्या मटणाचा तवा. तिला बघताच नेवेना हात सोडवून तिच्याकडं धावली. मी तिला परत ओढलं आणि चारचौघांत सांगितलं की ही माझी पोर आहे, आजपासून माझ्याकडं राहील. झागोर्का ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "हात सैल सोड, खांदा निखळेल तिचा." मी सैल सोडला नाही.

घरी आणून कडी लावली. पोर घसा बसेपर्यंत रडली. मग कोपऱ्यात जाऊन बसली आणि फ्रॉक तोंडावर ओढून आतल्या आत श्वास घेत राहिली. केवढा उकाडा होता त्या दिवशी. घामानं निथळत होती, पण फ्रॉक खाली करीना. पाणी दिलं तर प्याली नाही. संध्याकाळी मिलुटिन घरी आला. त्यानं तिला बघितलं, उचललं आणि नदीपलीकडं पोचवून आला. तेव्हापासून रविवारही बंद.

मिलुटिन आता बोरच्या तांब्याच्या खाणीत गेलाय. महिन्याकाठी एकदा येतो. दोन बायकांच्या मधून निसटायला त्याला फटच हवी होती, ती सापडली.

तुझं बरंय बाई. सकाळी वर्गभर पोरं एका सुरात नमस्ते म्हणत असतील. तिथं बसून उपदेश करायला काय जातंय? यंदा मी काही ठरवत नाही.

देसा

*

गोर्न्या रेका,
११ जानेवारी १९५८

देसा,

मला एकही मूल नमस्ते म्हणत नाही.

मी रुजू झाले त्याच आठवड्यात गावकरी शाळेच्या अंगणात आले. टोप्या हातात, बोलणं अदबीचं. बाई चांगल्या आहेत म्हणाले, पण पोरं आमची आहेत. डॉक्टरांचा दाखला दाखवला, तो त्यांनी पाहिला आणि मान हलवून परत दिला. दुसऱ्या दिवशी वर्गात कुणी नव्हतं. तेव्हापासून मी शेजारच्या खोलीत बसून कागदांवर शिक्के मारते. मुलांचा आवाज भिंतीतून येतो. नवी शिक्षिका फळ्यावर काही चुकवते आणि मुलं ते तसंच घोकतात, तेव्हा मी ओठ चावत बसते. रादिवोयेच्या आईनं आधी एक एक्स-रे मागितला, मग दुसरा. तिसऱ्याच्या वेळी त्याच्या लग्नाची बातमी पोस्टमनकडून कळली.

हे तुला कळवलं नाही, कारण निदान तुझ्या लेखी तरी मी शिकवत असावं असं वाटत होतं.

तू काही ठरवणार नाहीस म्हणतेस. मी ठरवलं आहे. वर डोंगरात धनगरांची वस्ती आहे. तिथल्या बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग सुरू करायचा सरकारी हुकूम आला आहे, पण बर्फातून चढायला कुणी तयार नाही. मी जाते म्हटलं. पहिल्याच दिवशी मी माझ्या आजाराबद्दल सांगून टाकलं, नंतर कुणी तोंड फिरवायला नको. स्तामेना नावाच्या म्हातारीनं मला जवळ बसवून घेतलं. म्हणाली, "अगं पोरी, इथं कोण खोकत नाही? तू अक्षर काढ."

पोरीचं वाचून मला तुझ्या नणंदेचा फार राग आला. तरी राहून राहून वाटतं, माणूस इतकं भितं ते उगाच नसतं. तिला कधी विचारलंस का?

लेपा

*

पिरोत,
१२ ऑक्टोबर १९५८

लेपा,

साल सरायची वाट न बघता लिहितेय.

तू सांगितलंस तसं नणंदेला काही विचारलं नाही, तेवढी माझी छाती नाही. पण जाऊन पोर मागणं सोडून दिलं. वसंतात कारखान्याचं सूत धुवायचं काम मागून घेतलं आणि झागोर्काच्या घरासमोरच्या काठावर धूत बसायला लागले. आधी नेवेना लांबून बघायची. मग लाल रंग पाण्यात कसा सुटतो ते बघायला जवळ यायला लागली. एकदा एक लड वाहून गेली, तर गुडघाभर पाण्यात शिरून तीच घेऊन आली.

सप्टेंबरात सगळ्या गल्लीत मिरच्या भाजायला निघाल्या. झागोर्कानं कुंपणावरून हाक मारली, एकटीनं आवरत नाही, ये. मी गेले. आम्ही दोघी भाजलेल्या मिरच्यांची सालं काढत बसलो, पोर मध्ये, कोपरापर्यंत काळी. दुपारी पेंगायला लागली आणि माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून झोपली. जवळचा गुडघा माझा होता म्हणून, एवढं मला कळतं. पण झोपली. झागोर्कानं बघितलं आणि पुन्हा खाली मान घालून सालं काढायला लागली. माझ्या पायाला मुंग्या आल्या तरी मी हलले नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत रुमालावर रक्त दिसलं. छातीचा फोटो काढला. डाग परत आलाय, या वेळी मोठा. बर्फ पडायच्या आत वर रुग्णालयात जायला सांगितलंय.

ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी नेवेना पूल ओलांडून आली. आपली आपण, पहिल्यांदाच. दात पडला होता, तो दाखवायला. मी दारातच उभी राहिले. म्हटलं, आत येऊ नकोस, घरी जा. तिला वाटलं मी गंमत करतेय. तळहातावर दात घेऊन हसत पुढं आली. लेपा, मी तिच्यावर झाडू उगारला.

पळत गेली.

संध्याकाळी झागोर्का आली ती बाह्या सरसावूनच. मी सगळं सांगितलं. ती पायरीवर बसली. म्हणाली, "मी तिला तुझी भीती घातली. आता काय शिकवू?"

मी म्हटलं, "तेच शिकवा, वन्सं. नीट शिकवा."

परवा निघते. पत्र रुग्णालयाच्या पत्त्यावर घाल.

देसा

*

गोर्न्या रेका,
८ फेब्रुवारी १९५९

देसा,

रागावू नकोस. तुला न विचारता मी पिरोतला जाऊन आले. तुझ्या नणंदेला चार शब्द सुनवायचे म्हणून गेले होते. नंतर कितीही शिकव म्हणालीस, तरी आधी तिनंच शिकवलं होतं, असं मनात होतं.

दार उघडलं तेव्हा तिचे हात धुण्याच्या खाराच्या पाण्यानं फुटलेले होते. पोरीचा कपडा न् कपडा उकळून धुते. काही महिन्यांनी एकदा तिला एक्स-रेला नेते आणि फोटो पुसून कपाटात ठेवते. मी सुनवायचं ते सुनवलं. तिनं ऐकून घेतलं आणि मला आतल्या खोलीत नेऊन दार लोटलं.

तिचा नवरा लढाईच्या वर्षांत गेला, एवढं तुला ठाऊक आहे. त्यांना एक मुलगा होता, तो तापानं गेला असं तुमच्या घरी सांगतात. ताप नव्हता. नवऱ्याला रात्ररात्र खोकला असायचा. बाळ छातीवर ठेवलं की थोडा थांबायचा. मरणाऱ्या माणसानं दुसरं काही मागितलं नाही म्हणून ती रोज बाळ त्याच्या छातीवर ठेवत गेली. दोघंही एकाच हिवाळ्यात गेले. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तिच्या घरचं पाणी कुणी प्यालं नसतं. मला सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मीच रडले.

नेवेनानं मला विचारलं, मावशी अजून रागावल्यात का? मी म्हटलं, नाही. तिला ते पटलं नाही.

आता माझा झाडा. वस्तीतल्या तिघी वाचायला लागल्या. स्तामेना डिसेंबरात गेली. तिच्या थडग्यावरच्या लाकडी क्रुसावर बायकांनी तिचं नाव स्वतः कोरलं. त्यात एक अक्षर चुकलं आहे. मी दुरुस्त करायला सांगितलं नाही. यंदा तिथंच शिकवत राहायचं, एवढं ठरवलं आहे.

तुझं काय ठरलं, डॉक्टर काय म्हणतात, लिही.

लेपा

*

रुग्णालय,
२ मार्च १९५९

लेपा,

परवा छाती उघडणार आहेत. बाजूच्या फासळ्या काढून फुप्फुस दाबायचं, असं काहीतरी. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं मागच्या महिन्यात केलं. ती आता त्या खाटेवर नाही.

झागोर्काचं तू लिहिलंस. मला बाळ तापानं गेलं असंच सांगितलं होतं. तिच्या हातून पोर हिसकावून कोंडून ठेवली तो दिवस सारखा आठवतो. त्या दिवशी हात सैल सोड म्हणाली ना, तेव्हा तिचे डोळे बघायला हवे होते मी. मी तवा बघत होते.

यंदा ठरवलंय ते एवढंच की परवानंतर जागं व्हायचं. नाही झाले तर पोरीनं तिलाच आई म्हणावं आणि तुम्ही कुणी दुरुस्त करू नका. येऊ नकोस, इथं बघण्यासारखं काही नाही.

देसा

*

पिरोत,
३० डिसेंबर १९५९

लेपा,

वस्तीतल्या बायकांनी आपली पोरं तुझ्या हाती दिली, हे तुझ्या गेल्या पत्रात वाचून मी ते झागोर्काला मोठ्यानं वाचून दाखवलं. शाळेचा वर्ग नसला तरी पोरं पोरंच. ती म्हणाली, त्या मास्तरणीच्या जिभेला धार आहे, पोरं शिकतील.

माझा झाडा सोपा आहे. जागी झाले. डावा खांदा खाली उतरलाय, चालताना एका बाजूला कलते. माग कायमचा सुटला. मिलुटिन बोरला कुणा बाईबरोबर राहतो असं लोक म्हणतात. मी विचारलेलं नाही. घराचं भाडं भरणारं कुणी उरलं नाही, तेव्हा झागोर्काच मला आपल्या घरी घेऊन आली. अंगणाकडच्या छोट्या खोलीत राहते. सूत उकलून देते.

नेवेना शाळेत जायला लागली. मला देसा म्हणते, झागोर्का हाक मारते तशी. दुपारी येऊन माझ्या दारात उभी राहते आणि शाळेत काय झालं ते सांगते, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. झागोर्कानं नीट शिकवलंय. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासून सांगितलं की आता माझ्यापासून कुणाला धोका नाही. नोव्हेंबरात झागोर्कानं विचारलं, पोरीला सांगू का, आत जा म्हणून? मी म्हटलं, थांबा. महिन्यानं परत विचारलं. मी परत म्हटलं, थांबा. झागोर्काची भीती गेली लेपा, आणि माझ्यात येऊन बसली.

एकोणीस तारखेला घरच्या संताचा सण झाला, निकोलाचा. उपासाचे दिवस म्हणून मासे केले होते, अक्रोड घातलेले शिजवलेले गहू केले होते. शेजारीपाजारी येऊन गेले. मी दाराजवळ, टोकाला बसले होते. नेवेना घरची मुलगी म्हणून प्रत्येकापुढं गव्हाचा वाडगा धरत होती. शेवटी माझ्यापुढं धरला. मी चमचाभर खाल्ले. तिला भूक लागली असावी, दुपारपासून राबत होती. माझ्या हातातला चमचा घेऊन तिनं तोच वाडग्यात घातला आणि तोंडाकडं नेला. मी तिच्या हातावर फटका मारला. चमचा उडाला, गहू गालिच्यावर सांडले. पोर भिंतीला जाऊन टेकली.

झागोर्का जागेवरून उठली. तिचे गुडघे दुखतात, वाकायला वेळ लागला. तिनं चमचा उचलला आणि तसाच, न पुसता, वाडग्यात घातला. गहू तोंडात घातले. पोरीकडं बघत सावकाश चावून गिळले. मग पुन्हा चमचा भरला आणि नेवेनापुढं धरला.

नेवेनानं तिच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं.

"देसा, खाऊ?"

मी मान डोलावली. तिनं खाल्लं.

नंतर खोलीत जाऊन मी दार लावून घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी दाराला कान लावून असते, पोर खोकते का ते ऐकत. नव्या सालासाठी ठरवलंय की हे कान लावून बसणं सोडायचं.

आजही लावला होता. खोकली नाही. बूट घालताना झागोर्काशी काहीतरी हुज्जत घातली आणि शाळेला गेली.

देसा